एकट्यालाच आचके

ताईचं लग्न झालं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती आणि तिच्या पाठचा भाऊ छप्पन्न. भावाला सगळे चष्मेवाला म्हणत, कारण त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दोघंही तोवर बिनलग्नाची राहिली होती. का राहिली याच्या गोष्टी गल्लीत निरनिराळ्या सांगितल्या जात, पण खरं तर ठरवून काहीच झालं नव्हतं. आधी वडलांचं आजारपण, मग आईचं, मग दुकानाचं बस्तान. ते बसेपर्यंत दोघांना एकमेकांची इतकी सवय झाली की घरात तिसऱ्या माणसाला जागा कुठे करायची, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

दुकानात तो आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा आणि ताई बाहेर काउंटरवर फ्रेमा निवडून द्यायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "ही घातलीत तर घुबड दिसाल," असं ती तोंडावर सांगायची, आणि लोक त्यासाठीच तिच्याकडे यायचे. एक उंच, वाळक्या अंगाचे विधुर गृहस्थ होते, आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेले. ते पेन्शनच्या कामासाठी म्हणून या गावात येत आणि दर खेपेला फ्रेम बदलून घेत. नंबर तसूभरही हललेला नसे. चष्मेवाल्याला वाटायचं, माणूस हौशी आहे. एकदा मोजणीदार फ्रेमांकडे न बघताच ताईशी दुपारभर बोलत बसले, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. "गावाला दिसायला लावतो आणि स्वतःच्या काउंटरवर काय चाललंय ते याला दिसत नाही," हे ताईच पुढे सगळ्यांना हसून सांगायची.

नोंदणी कार्यालयात लग्न झालं. चष्मेवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली, ताईच्या बॅगा गाडीत ठेवल्या आणि नव्या जोडप्याला त्यांच्या गावी पोचवायला निघाला. दोन-अडीच तासांचा रस्ता. ताई नेहमीसारखी पुढे, त्याच्या शेजारी बसली. नवरदेव मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसले. ताई वाटभर बोलत होती आणि नेहमीसारखीच गाडीही चालवत होती. म्हणजे स्टिअरिंग त्याच्या हातात, पण समोर म्हैस दिसो की ट्रक, ब्रेक ताईच्या पायाखाली. ती उजवी टाच जमिनीत अशी रोवायची की जणू तिथे खरंच ब्रेक आहे. "अगं, मला दिसतंय," तो म्हणायचा. "तुला दिसतंय, पण तू थांबत नाहीस," ती म्हणायची. हा संवाद पंचवीस वर्षं चालला होता, कारण गाडीही तेवढीच जुनी होती.

परतताना शेजारची सीट रिकामी होती. अर्ध्या वाटेवर चढाचा, खडबडीत रस्ता लागला आणि गाडीने पहिला आचका दिला.

आधी त्याला वाटलं, खड्डा असेल. मग दुसरा आचका, मग तिसरा. मागून कुणीतरी ओढून धरतंय आणि सोडतंय असं. इंजिनाचा एकसुरी आवाज मधेच फाटायचा आणि गाडी लंगड्या घोड्यासारखी चालायची. चढ संपला, रस्ता गुळगुळीत झाला, तसं सगळं पूर्ववत. त्याने घरी येऊन गाडी लावली. घर उघडलं. आतून "आलास का रे" असं कुणी म्हणालं नाही, तेव्हा तो थोडा वेळ चपला न काढता तसाच उभा राहिला.

गल्लीच्या टोकाला गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्याला सगळे दहाअकरा म्हणत, कारण सुताराच्या कानामागे पेन्सिल असावी तसा त्याच्या खिशात कायम दहा-अकराचा पाना असायचा, लग्नाकार्यातसुद्धा. माणूस हाताचा चांगला आणि बोलण्याचा त्याहून चांगला.

"मिसिंग मारतेय," चष्मेवाल्याचं ऐकून तो म्हणाला. "चार सिलिंडरपैकी एक मधेच काम सोडतोय. चार माणसांनी खाट उचलावी आणि एकाने हात काढून घ्यावा, तसं. चला, बघू."

त्याने बोनेट उघडून इंजिन चालू केलं, रेस दिली, कान लावला. इंजिन शहाण्या मुलासारखं चालत होतं. "रस्त्यावर नेऊ या. तुम्ही बसा शेजारी, कुठे होतं ते दाखवा."

मिस्त्रीने गाडी चालवली, चष्मेवाला शेजारी बसला. गावाबाहेरच्या टेकडीवर गेले, उतरले, पुन्हा चढले. एक आचका नाही.

"डॉक्टरकडे गेलं की दाढ दुखायची थांबते," मिस्त्री म्हणाला. तरी त्याने प्लग बदलले. जुने प्लग हातात घेऊन दाखवले, एकाचं टोक काळं पडलं होतं. "हाच तो कामचुकार."

नवे प्लग टाकून चष्मेवाला दुसऱ्या गावी भिंगं घासून घ्यायला गेला. दर आठवड्याची ही फेरी. पूर्वी ताई सोबत असायची. टेकडी चढताना गाडीने पुन्हा आचके दिले.

मग हा खेळच सुरू झाला. तो तक्रार घेऊन जायचा, मिस्त्री गाडी चालवायचा, हा शेजारी बसायचा आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जायची. मिस्त्रीने प्लगच्या वायरी बदलल्या. कॉइल बदललं. पेट्रोलचा फिल्टर बदलला, इंजेक्टर उतरवून साफ केले. दर वेळी "आता झालं," आणि दर वेळी चष्मेवाला एकटा टेकडीवर गेला की ये रे माझ्या मागल्या.

घरातही काहीतरी असंच मधूनमधून काम सोडत होतं. सकाळ बरी जायची. दुकान उघडताना कुलूप, शटर, झाडू, यात वेळ जायचा. पण दुकानात आलेला प्रत्येक माणूस आधी काउंटरकडे बघून विचारायचा, "ताई नाहीत?" आणि लग्नाची बातमी ऐकून त्याचा चेहरा खुलायचा. "वा वा! फार चांगलं झालं हो!" चांगलंच झालं होतं. म्हणून तर पंचाईत. कुणी गेलं असतं तर लोक भेटायला आले असते, जवळ बसले असते, पाठीवर हात ठेवला असता. आनंदाच्या बातमीने माणूस एकटा पडला तर त्याच्याकडे कोण येणार? त्यालाही लोकांसोबत हसावं लागायचं. दिवसात ते अनेकदा करावं लागलं की संध्याकाळी गालफडं दुखायची.

संध्याकाळी तो दोन माणसांच्या मापाने भात टाकायचा. हाताला तेच माप माहीत. उरलेला सकाळी खायचा. काही दिवसांनी त्याने माप कमी करून पाहिलं तर भांड्याच्या तळाशी चिमूटभर भात दिसला, आणि तो बघवेना, म्हणून पुन्हा पहिलंच माप सुरू केलं.

ताईचा फोन यायचा.

"छोट्या, कधी येतोस?"

"गाडी नीट झाली की येतो."

"अजून तेच? त्या दहाअकराला म्हणावं, बारा वाजवलेस तू गाडीचे."

"करतोय तो बिचारा."

"बसने ये की मग."

"बसमध्ये मला मळमळतं, तुला माहितीये."

"मळमळतं म्हणे. लहानपणी खिडकीत बसायला मिळालं नाही की मळमळायचं तुला." मग पलीकडे कुणीतरी काहीतरी बोलायचं, ताई हसायची, "अरे, हे म्हणतायत..." असं काहीतरी सांगायची. त्यात ज्या शेजारणीचा किंवा ज्या मांजराचा उल्लेख असायचा, ते त्याला माहीत नसायचं. तो हसण्याच्या जागी हसायचा. फोन ठेवल्यावर त्याला वाटायचं, बरं झालं, गाडी बिघडलेली आहे.

हे त्याने मनाशीसुद्धा पुरतं कबूल केलं नाही, पण वाटायचं ते वाटायचंच. तिथे जाऊन बघायचं काय? की ती सुखात आहे? ते त्याला इथे बसूनही ऐकू येत होतं.

एक दिवस मिस्त्रीचा धीर सुटला. तो चष्मेवाल्याला बाकावर बसवून, हात पुसत म्हणाला, "साहेब, रागावू नका. मी तुमच्या गाडीत आता एवढं नवं सामान टाकलंय की जुनं फक्त तुम्ही उरलात. मला विचाराल तर गाडीला काही झालेलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही. इतकी वर्षं शेजारी ताई असायच्या. त्या बोलायच्या, तुम्ही ऐकायचात. इंजिन ऐकायला तुम्हाला सवड कुठे होती? आता गाडीत शांतता आहे, म्हणून बारीकसारीक आवाज मोठे वाटतात. माझी आई गेली तेव्हा मला घरातलं घड्याळ एवढ्या मोठ्याने ऐकू यायला लागलं की मी त्याचा सेल काढून ठेवला."

मिस्त्री वाईट बोलला नव्हता. उलट आपलेपणाने बोलला होता, आणि तेच चष्मेवाल्याला लागलं. त्याने किल्ली घेतली आणि गाडी घरासमोर नेऊन लावली. मग बरेच दिवस तिला हात लावला नाही. भिंगं कुणाकडून तरी मागवून घेतली. दुपारी दुकानात कुणी नसलं की तो विचार करायचा: आपल्याला भास होतायत का? त्याच्याकडे म्हातारी माणसं यायची, ज्यांना कोपऱ्यात काहीतरी हलताना दिसायचं आणि घरचे म्हणायचे, काही नाहीये तिथे. तो त्यांना नेहमी सांगायचा, "तुम्हाला दिसतंय ना? मग काहीतरी आहे. काय आहे ते शोधू." हे वाक्य स्वतःला सांगायला मात्र जमत नव्हतं.

शेवटी भिंगांचं एक मोठं काम असं आलं की स्वतःच जावं लागलं. टेकडीच्या पायथ्याशी गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. त्याने दात आवळून कान त्या आवाजाला लावला. भास नव्हता. मीटरचा काटा त्या आचक्यांसोबत खाली पडत होता, आणि काट्याला कुणाची आठवण येत नाही.

वळणावर एक पोक्त बाई हात दाखवत उभी होती. हातात मोठी पिशवी, गुडघ्याला पट्टा. "वरपर्यंत सोडता का हो? बस गेली, आणि हा गुडघा..."

त्याने दार उघडलं. बाई कण्हत आत बसली, पिशवी पायांशी ठेवली, आणि गाडी निघाली. बाई सुनेबद्दल बोलत होती. तो अर्धंमुर्धं ऐकत होता. चढाच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं की गाडी गुळगुळीत चालली आहे. रस्ता तोच, चढ तोच, खड्डे तेच. टेकडीच्या माथ्यावर बाई उतरली, "देव भलं करो" म्हणाली. पुढच्याच खड्ड्यावर आचका.

त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

मग त्याच्यातला चष्मेवाला जागा झाला. डोळे तपासताना त्याचा एकच नियम होता: एका वेळी एकच भिंग बदलायचं. "हे बरं की हे?" एकदम दोन बदलली की गिऱ्हाईकही गोंधळतं आणि आपणही. बाई होती तेव्हा बरं, नाही तेव्हा वाईट. मिस्त्री आणि आपण दोघं असताना बरं. ताई असताना पंचवीस वर्षं बरं. एकट्याने चालवली की वाईट. म्हणजे बदलतंय काय? शेजारचं माणूस. पण इंजिनाला माणूस कसा कळेल? त्याला कळत असेल तर वजन.

त्याने मागच्या भागातून भिंगांची जड पेटी काढली आणि शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी चालवली. आचके. म्हणजे सीटवरचं वजन नाही. तो पुन्हा थांबला. बाई बसली तेव्हा आणखी काय झालं होतं? पिशवी. पाय. त्याने पेटी सीटवरून उचलली आणि खाली, जिथे पाय ठेवतात तिथे, आतल्या बाजूला सारून ठेवली. टेकडी उतरला, वळला, पुन्हा चढला. गाडी हूं की चूं न करता वर गेली. पेटी काढली, आचके. पेटी ठेवली, आचके बंद. हे बरं की हे? हे.

त्याने खाली वाकून चटई चाचपली. ओलसर होती. आणि पेटी ठेवली होती बरोबर त्याच जागी चटईला एक खळगा होता, झिजून गुळगुळीत झालेला, टाचेच्या आकाराचा. ताईच्या ब्रेकचा.

तो एकटाच मोठ्याने हसला. मग हसू कुठल्या कुठे गेलं आणि तो त्या खळग्यावर हात ठेवून बसला. बाजूने एक ट्रक गेला, चालकाने मान वळवून पाहिलं, काय झालंय या माणसाला.

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा काही विनोद केला नाही. गुडघ्यावर बसून त्याने चटई उचकटली. खाली एक पातळ पत्र्याचं झाकण होतं, चेपलेलं. झाकणाखाली इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारी पेटी, आणि तिच्यात घुसणारा वायरींचा जाड झुबका.

"च्यायला," मिस्त्री म्हणाला. "याचा कम्प्युटर इथे आहे होय. मी आपला पुढेच कुदळ मारत होतो." त्याने झुबक्याच्या टोकाचा प्लास्टिकचा कपलर बोटाने हलवला. तो सैल होता. "हे बघा, याचं लॉक तुटलंय. आणि एसीचं पाणी झिरपून आतल्या पिना हिरव्या झाल्यात. वरून दाब असला की पिन टेकते. दाब गेला आणि खड्डा आला की सुटते, की एक सिलिंडर उपाशी. ताईंच्या टाचेने झाकण चेपलं आणि लॉक तुटलं, ते बहुतेक फार पूर्वीच."

"मग इतकी वर्षं चाललं कसं?"

"त्यांचा पाय होता ना वर. त्यांच्याशिवाय गाडी कधी काढलीत तुम्ही? त्यांनीच तोडलं आणि त्यांनीच धरून ठेवलं." मिस्त्रीने हात पुसले. "आणि मी तुम्हाला म्हणालो, भास होतोय. माफ करा."

"तू म्हणालास तेही अगदीच खोटं नव्हतं," चष्मेवाला म्हणाला.

भंगारातल्या तसल्याच गाडीतून मिस्त्रीने एक धड कपलर आणला, वायरी एकेक करून त्यात बसवल्या, पाण्याची नळी साफ केली, झाकण ठोकून सरळ केलं. या वेळी तो शेजारी बसला नाही. "एकटे जा," म्हणाला.

चष्मेवाला एकटा गेला. टेकडी चढला, उतरला. इंजिन एका सुरात चालत होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. परत येऊन त्याने मिस्त्रीला मान हलवून सांगितलं, ठीक आहे, आणि घरी जाऊन बराच वेळ दाराशी गाडीकडे बघत उभा राहिला. गाडीला आता कुणीच लागत नव्हतं. आणि त्याच्याजवळ न जाण्याचं कारण उरलं नव्हतं.

रविवारी तो न कळवता गेला. घर त्याने एकदाच पाहिलं होतं, तेव्हा ते मोजणीदारांचं घर होतं. आता खिडक्यांना पडदे होते, दाराशी झाडांच्या कुंड्या होत्या, आणि फोनवर ऐकलेलं मांजर पायरीवर बसलं होतं. ताईने दार उघडलं आणि "अगंबाई, छोट्या!" म्हणून त्याचा दंड धरला. पण तो तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. त्याच्या दुकानातला नव्हता.

"हा कुठून घेतलास?"

"इथल्याच एका दुकानातून. जुना पायरीवरून पडला, काच फुटली."

"कधी?"

"झाले दीडेक महिने. फोनवर सांगणार होते रे. पण म्हटलं, गाडी नाही, बसने याला मळमळतं, उगाच याच्या जिवाला घोर." तिने चष्मा नाकावर वर सरकवला. तो लगेच खाली घसरला.

मोजणीदार आतून आले. "या, या! आज सूर्य कुठून उगवला?" त्यांनी चहा टाकला. स्वतः टाकला, ताई बसून राहिली. हेही नवीन होतं. चहा घेताना त्याने गाडीची सगळी हकिकत सांगितली. टाचेच्या खळग्यापाशी आल्यावर ताई ताठ झाली.

"म्हणजे माझ्यामुळे बिघडली म्हण की."

"नाही हो," मोजणीदार म्हणाले, "तुमच्यामुळे चालत होती, असं म्हणतायत ते." नवरा-बायकोत अजून अहो-जाहो होतं. ताई हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि चष्मा काढून पदराने डोळे पुसले. तो काढल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल लाल वण दिसले.

"डोकं दुखतं का गं तुझं?"

"संध्याकाळी दुखतं. वयच झालं."

"वय नाही. आण इकडे."

त्याने चष्मा उजेडात धरला. नंबर बरोबर होता, पण भिंगांचे मध्य चुकले होते. दोन्ही नाकाकडे सरकलेले. जी व्यक्ती पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे नीट बसवत आली, ती दीड महिना हा असला चष्मा घालून वावरत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या जिभेला हाड नव्हतं असं सगळे म्हणायचे. त्याला मात्र ती किती गोष्टी बोलली नाही, हे पहिल्यांदाच कळत होतं. कदाचित त्याचं घर सोडताना, किंवा सोडण्याआधीची कित्येक वर्षंसुद्धा.

त्याने मोजणीदारांकडे पट्टी मागितली. मोजणीदारांच्या घरात पट्ट्यांना काय तोटा, त्यांनी तीन आणून दिल्या. खिडकीशी खुर्ची ठेवून त्याने ताईला बसवलं, समोर बसून पट्टी तिच्या नाकाच्या दांड्यावर टेकवली आणि म्हणाला, "माझ्या उजव्या डोळ्याकडे बघ. हलू नकोस."

ती बघत राहिली. इतक्या जवळून त्याने तिच्याकडे कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या बुबुळांच्या कडेला म्हातारपणाची फिकट रेघ आली होती.

"जेवतोस ना नीट?" तिने ओठ न हलवल्यासारखं करून विचारलं.

"हलू नको म्हटलं ना."

"जेवतोस ना?"

"भात उरतो रोज," तो म्हणाला. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. माप घेताना पट्टी हलली, म्हणून त्याला पुन्हा घ्यावं लागलं.

दुपारी तिने त्याला हात-तोंड धुवायला टॉवेल दिला. नवा, घडी न मोडलेला, कपाटाच्या वरच्या कप्प्यातला. पाहुण्यांचा. तिच्या ते लक्षातही आलं नाही. त्याने तो वापरला आणि घडी करून परत दांडीवर टाकला.

निघताना दोघं फाटकापर्यंत आली. त्याने गरम पाण्यात धरून चष्म्याच्या काड्या वाकवून दिल्या होत्या, निदान तो घसरत तरी नव्हता.

"नवा करून आणतो. पुढच्या रविवारी."

"रविवारी नाही रे, यांच्या मुलीकडे जायचंय आम्हाला. शनिवारी येशील?"

"शनिवारी दुकान असतं."

"हो, ते आहेच," ती म्हणाली आणि मोजणीदारांकडे बघितलं. त्या बघण्यात त्याला कळलं की ती आग्रह करणार नाही.

"बंद ठेवीन," तो म्हणाला. "शनिवारी येतो."

वाटेत कुठेही आचका बसला नाही. ऊन उतरलं तेव्हा तो टेकडीवर होता, दिवे लागायच्या सुमाराला घरी. दार उघडलं, दिवा लावला, चपला काढल्या. मग फोन उचलून ताईचा नंबर लावला. आजवर "पोचलो" असं कुणाला कळवायची त्याच्यावर वेळ आली नव्हती.

फोन मोजणीदारांनी घेतला. "पोचलात का? त्या जरा शेजारी गेल्यात, तिथल्या बाईंना ताप आहे."

"सांगा पोचलो म्हणून."

"सांगतो. काय करताय?" मोजणीदारांनी विचारलं.

"काही नाही. बसलोय."

"मीही बसलोय. त्या नसल्या की घर कसं..."

"हो," चष्मेवाला म्हणाला.

पलीकडे मांजर ओरडलं. मोजणीदार त्याला काहीतरी म्हणाले. फोन ठेवावा असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही, आणि थोड्या वेळाने मोजणीदारांनी विचारलं, त्या कपलरच्या पिना हिरव्या का होतात हो? चष्मेवाल्याने खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली.